अनुदानाच्या नियमात न बसणारा वस्ताद

आमच्या तालुक्याच्या गावी एका बागेत ओपन जिम आहे. निळ्या-पिवळ्या रंगाची आठ यंत्रे, खाली सिमेंटचा चौथरा, शेजारी कोनशिला. बसवली तेव्हा पहिले दोन महिने संध्याकाळी तिथे रांग लागायची. मग एका यंत्राचे बेअरिंग गेले, दुसऱ्याची पाय ठेवायची पट्टी तुटली, तिसऱ्यावर पोरे झोका खेळू लागली. आज आठांपैकी तीन चालतात. बागेपासून चार मिनिटांवर एक जुनी तालीम आहे. वर पत्रा, आत लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेल्या करेला, कोपऱ्यात एक मल्लखांब. सत्तरी ओलांडलेले एक वस्ताद रोज पहाटे पाचला तिचे दार उघडतात. पंचवीस-तीस मुले येतात. कुणी दोन दिवस आले नाही तर वस्ताद संध्याकाळी त्याच्या घरी जातात. बागेतल्या यंत्रांना सरकारी पैसा मिळाला. वस्तादांना कधी काही मिळाले नाही आणि मागितले असते तरी मिळाले नसते. त्यांना पैसे द्यायचे ठरवले, तरी ते टाकायला लेखाशीर्षच नाही.

लोकांचे आरोग्य आणि व्यायाम यासाठी झटणाऱ्या स्थानिक संस्थांना अनुदान मिळावे, याबद्दल कुणाचे दुमत नसते. वाद व्हायला हवा तो अनुदान कशासाठी मिळते यावर. आपल्याकडे ते वस्तूंसाठी मिळते, माणसांसाठी मिळत नाही. मार्चअखेर संपवायला मिळते, वर्षानुवर्षे टिकवायला मिळत नाही. व्यायाम ही सवय आहे. ती माणसाला दुसरा माणूस लावतो, आणि त्याला वेळ लागतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. आणि 'पुरेशी'ची व्याख्या काही कठीण नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याइतकी हालचाल तिच्यात बसते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांमध्ये ते आता ४२ टक्के आहे, बायकांमध्ये ५७. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचेही. एवढ्या माणसांना औषधे पुरवत राहणे कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या आवाक्यातले नाही. त्यांना चालते, खेळते, धावते करणारी जागा घराजवळ हवी, आणि त्या जागेत वाट पाहणारे कुणीतरी हवे.

आता पैसा कसा येतो ते पाहा. खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाला. आज प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी येतात. या निधीचा पाया असा की त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहावी. आवर्ती खर्च, म्हणजे पगार, मानधन, वीजबिल, देखभाल, त्यात बसत नाही. राज्याच्या क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे, क्रीडांगण विकासाची आहे. त्यांतून सभागृह बांधता येते, व्यायामाचे साहित्य घेता येते, मैदान सपाट करता येते, कुंपण घालता येते. ही सगळी कामे आवश्यकच आहेत. पण सपाट केलेल्या मैदानावर मुलांना कोण बोलावणार, साहित्य कसे वापरायचे हे पन्नाशीच्या बाईला कोण दाखवणार, गुडघा दुखणाऱ्याला बैठका मारू नकोस हे कोण सांगणार, याचे उत्तर अंदाजपत्रकात कुठेही लिहिलेले नसते.

असे नियम का झाले, हेही समजून घेतले पाहिजे. वस्तू मोजता येते. तिचे दरपत्रक मागवता येते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, तिचा फोटो निघतो, तिच्यावर देणाऱ्याचे नाव रंगवता येते. माणूस कामाला लावला की तो उद्या कायम करा म्हणेल, ही भीती सरकारी मनात खोल बसलेली आहे. आणि ती निराधार नाही. विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांचा टप्पा अनुदानासाठीचा लढा महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिला आहे. म्हणून हिशेबनिसाच्या सोयीचा रस्ता निघाला: एकदाच द्या, लोखंडात द्या, उपयोगिता प्रमाणपत्र घ्या आणि फाइल बंद करा. फाइल बंद झाली की सहा महिन्यांत व्यायामशाळेलाही कुलूप लागते, आणि ते कुलूप कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही.

कंपन्यांच्या पैशाने हे बदलेल असे २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर अनेकांना वाटले होते, मलाही. त्या कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक उलाढालीच्या, मालमत्तेच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची आहे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. सातव्या अनुसूचीत रोगप्रतिबंधक आरोग्यसेवा आहे आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही आहे. प्रशिक्षण हा शब्दच माणसाशिवाय अर्थ धरत नाही, त्यामुळे वस्तादासाठी इथे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही तोच कायदा म्हणतो. परिणाम उघड आहे. जिथे कारखाने आणि कचेऱ्या, तिथे निधी. पुणे, मुंबई, रायगडला ओघ आणि नंदुरबार, हिंगोलीला शिंतोडे. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा खरे तर कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, पण अनेक ठिकाणी तीच संस्थेच्या पगारांनाही लावली जाते. मग प्रशिक्षकाचे मानधन 'वरखर्च' ठरते आणि टी-शर्टांचे बिल 'प्रत्यक्ष काम'. मॅरेथॉनच्या एका सकाळी जेवढे टी-शर्ट वाटले जातात, तेवढ्या पैशात एका तालमीचा वस्ताद वर्षभर सांभाळता येईल.

आपल्याकडे पूर्वी हे असे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तेव्हा खासबागेचे मैदान उभे राहिले ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या आश्रयाचा गाभा मैदानात नव्हता. मल्लाचा खुराक, त्याची राहण्याची सोय, त्याला शिकवणारा वस्ताद यांना दरबाराचा आधार होता. म्हणून महाराज १९२२ मध्ये गेले, तरी तालमी राहिल्या. आज कोल्हापुरात पेठेपेठेतली तालीम मंडळे फुटबॉलचे संघ चालवतात, गणपती बसवतात, आणि २०१९ च्या महापुरात बोटी आणि दोर घेऊन उतरणाऱ्यांत तालमीची पोरे होती. कुठल्याही प्रस्तावात हे 'अपेक्षित फलित' म्हणून लिहिलेले नव्हते. माणसे रोज एकत्र घाम गाळत असली की बाकीचे आपोआप उभे राहते.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. पहिले वैद्य बंधूंनी उभारले, दुसरे शिवरामपंत दामल्यांनी. अमरावतीचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. या संस्थांनी पुढे इमारती बांधल्या, महाविद्यालये काढली. पण सुरुवातीला त्यांच्यापाशी इमारत नव्हती, माणसे होती, आणि त्या माणसांना जगवणारे गाव होते. आज आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी सभागृह बांधतो आणि मग त्यात जायला माणसे शोधतो.

आरोग्याच्या बाबतीत याहून मोठा धडा जामखेडचा आहे, आणि तो मला पुन्हा पुन्हा आठवतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात गेले. गावात आरोग्याचे काम करायचे, तर गाव एकत्र बसले पाहिजे. आणि गाव तर जातीजातींत विभागलेले. तेव्हा व्हॉलीबॉल उपयोगी पडला. जाळी बांधली, चेंडू टाकला, संध्याकाळी पुरुष खेळायला येऊ लागले. पंगतीला शेजारी न बसणारी माणसे एका संघात उभी राहिली. खेळ संपला की गप्पा, गप्पांतून पाण्याचा, पिकांचा, पोरांच्या आजारपणाचा विषय. त्यांतून शेतकरी मंडळे झाली. मग गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून पुढे आल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत, शंका विचारत आणि परत जाऊन कामाला लागत. १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ज्या मोजक्या प्रयोगांची दखल पुस्तकरूपाने घेतली, त्यांत जामखेड होते.

आता त्या व्हॉलीबॉलचा आजच्या नमुन्यातला प्रस्ताव करून बघा. चेंडू बसतो, जाळी बसते, दोन खांब बसतात. खेळ संपल्यावर अंधार पडेपर्यंत लोकांत बसून राहणारा माणूस बसत नाही. आणि जामखेडमध्ये जे घडले ते सगळे त्या बसून राहण्यातून घडले.

इथे एक गैरसमज होऊ शकतो म्हणून सांगतो. माणसावर खर्च म्हणजे फक्त पगार नव्हे. जामखेडच्या आरोग्यसेविका पगारासाठी काम करत नव्हत्या. त्यांच्यावरचा खरा खर्च होता तो त्यांचे शिक्षण, येणे-जाणे, एकत्र राहणे आणि कुणीतरी सतत त्यांच्या पाठीशी असणे यावर. अनुदानात ही 'पाठीशी असण्याची' किंमत धरावी लागते. ती धरली नाही की काय होते, हे आशा सेविकांकडे पाहून कळते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर त्या आल्या. त्यांचा मोबदला कामागणिक ठरला: एवढ्या प्रसूती, एवढी लसीकरणे, एवढे पैसे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पातळीवर सन्मान केला आणि त्यानंतर दोनच वर्षांत महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसलेल्या होत्या. वजन, साखर, रक्तदाब, चालणे, खाणे यांबद्दल गावाशी बोलायला आशाइतके योग्य माणूस कुणी नाही. पण सवय बदलण्याच्या कामाची पावती कामागणिक फाडता येत नाही, म्हणून ते काम मागे पडते.

काळाचा मुद्दा गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेने सर्वात स्पष्ट करून ठेवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये काम सुरू केले. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या. त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले ते १९९९ मध्ये. सरकारने ती पद्धत आशांच्या हाती देऊन देशभर नेली २०११ मध्ये. सुरुवातीपासून पंचवीस वर्षे. १९८८ मध्ये कुणी 'यंदाचे फलित दाखवा, नाहीतर पुढचा हप्ता नाही' म्हटले असते, तर आज देशातल्या लाखो बाळंतिणींच्या घरी जी आशा जाते ती गेली नसती. आणि व्यायामाची सवय बाळाच्या जिवापेक्षाही हळू फळते. पंचविशीत चालायला लागलेल्या माणसाचा हृदयविकाराचा झटका पन्नाशीत टळतो. तो कुणाच्याच अहवालात येत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वात मोठा आक्षेप मला ठाऊक आहे आणि मी तो हलका मानत नाही. मंडळे कागदावरची असतात. एकाच घरातले अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असतात. काही तालमी कुणाच्या तरी फलकावर फोटो लावण्यापुरत्या उरल्या आहेत. अशांना मानधनाचा पैसा दिला तर तो कुठे जाईल हे सांगायला नको. खरे आहे. पण लोखंडाचा पैसा अशाच मंडळांकडे जास्त सहज गेला आहे, हेही तितकेच खरे. यंत्र एकदा बसवून मोकळे होता येते. रोज पहाटे दार उघडण्याचे सोंग पाच वर्षे कुणाला वठवता येत नाही. शेजारच्या घरांना माहीत असते दार उघडते की नाही. म्हणून माणसासाठी दिलेले अनुदान तपासणे उलट सोपे आहे, फक्त तपासणी कचेरीतून न होता गल्लीतून व्हावी लागेल. महिन्यातून एकदा पहाटे अचानक जाऊन हजेरी बघा. वर्षातून एकदा येणाऱ्यांचा रक्तदाब मोजा, मुलींचे हिमोग्लोबिन पाहा. यापलीकडची जाडजूड प्रपत्रे कुणाच्या उपयोगाची नाहीत.

दुसरा आक्षेप तालमीवरच घ्यायला हवा, आणि तो मी स्वतःच घेतो. तालीम ही पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची जागा राहिली. ज्या ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत, त्यांना त्या दारातून आत येताच आले नाही. या बाबतीत ओपन जिमने एक चांगली गोष्ट केली. तिला दार नव्हते, फी नव्हती, कुणाची परवानगी लागत नव्हती. आमच्या बागेत पहाटे सहाला दहा-बारा बायका येतात. साडीवर कॅनव्हासचे बूट, अंगावर स्वेटर. यंत्रे बिघडली तरी त्या येत राहिल्या, कारण तोवर त्यांना एकमेकींची सवय झाली होती. एक जण आली नाही की दुसरी फोन करते. वस्तादांचे संध्याकाळी घरी जाणे आणि या बायकांचा फोन, ही दोन्ही एकच गोष्ट आहे. त्या बायकांचे मंडळ नोंदलेले नाही, त्यांच्याकडे लेटरहेड नाही. त्यांना जर महिन्यातून दोनदा शिकवायला एखादी प्रशिक्षित मुलगी मिळाली आणि पावसाळ्यात शाळेचा एक हॉल मिळाला, तर त्या बागेत बसवलेल्या साऱ्या लोखंडापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांचा अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्च करायची हे गाव ठरवू शकते. अशा लहान, गावाच्या हातातल्या रकमाच मोठ्या करत न्यायला हव्यात.

कारण मोठ्या रकमा मोठ्या संस्थांकडेच थांबतात. त्यांच्याकडे प्रस्ताव लिहिणारी माणसे आहेत, आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी प्रमाणपत्रे आहेत, १ एप्रिल २०२१ पासून कंपनी निधीसाठी सक्तीची झालेली सीएसआर-१ ची नोंदणी आहे. परदेशी देणगी मिळवणारी मोठी संस्था पूर्वी लहान संस्थांना वाटा देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. झऱ्याचा पाट मध्येच अडवावा तसे झाले. यातून मार्ग एकच दिसतो. जिल्हा नियोजन समितीने आणि कंपन्यांनी आपल्या निधीतला एक भाग लहान संस्थांसाठी पाच वर्षांच्या मुदतीने बाजूला काढावा, त्यातला निम्मा तरी शिकवणाऱ्या माणसावर खर्च करण्याची मुभा द्यावी आणि चौथा हिस्सा गावाने रोखीने किंवा श्रमाने घालावा अशी अट ठेवावी. गावाचा हिस्सा नसेल तर कागदावरचे मंडळ पहिल्याच वर्षी उघडे पडेल.

बायकांच्या त्या गटाइतकेच आमच्या तालमीचे कागद अपुरे आहेत. सार्वजनिक न्यास म्हणून तिची नोंदणी जुनी आहे, पण परिशिष्टावरच्या सात विश्वस्तांपैकी पाच आज हयात नाहीत. बदल अर्ज कुणी कधी केलाच नाही, कारण तो करायचा असतो हे वस्तादांना कुणी सांगितले नाही. त्यामुळे बँकेत खाते चालत नाही, लेखापरीक्षण होत नाही आणि कुठल्याच अनुदानासाठी तालीम पात्र ठरत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या तालमी, वाचनालये, क्रीडा मंडळे याच एका कागदावर अडलेली आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांनी तालुक्याच्या गावी शिबिरे घेऊन हे अर्ज भरून घेतले, तर शासनाचा एक रुपयाही न खर्चता कितीतरी दारे उघडतील.

ते होईल तेव्हा होईल. ज्या वाचकांना वकिली येते, हिशेब लिहिता येतो, निदान सरकारी मराठीतला अर्ज नीट भरता येतो, त्यांनी आपल्या गावच्या तालमीत या आठवड्यात एकदा जावे. नोंदणी क्रमांक विचारावा, विश्वस्तांची यादी पाहावी, मयत विश्वस्तांचे दाखले गोळा करावेत. आमच्या तालमीचे पाच मृत्यूचे दाखले जमा करायला मी सुरुवात केली आहे. तीन मिळाले आहेत.